कॉम्पॅक्ट कॅमेरा बदलायचा का? आधी हुकलेले फोटो मोजा

दसरा-दिवाळी जवळ आली, ऑनलाइन सेल सुरू झाले की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच. "इतकी वर्षं छोटा कॅमेरा वापरतोय, आता डीएसएलआर घेऊ का?" मी उलट विचारतो, "कुठला फोटो काढायचा होता आणि निघाला नाही?" पलीकडे जरा वेळ शांतता. मग उत्तर येतं, "तसं नेमकं काही नाही, पण मोठा कॅमेरा असला की फोटो चांगले येतील ना?"

पुढचं सगळं त्या एका प्रश्नाभोवती आहे. न निघालेला फोटो नाव घेऊन सांगता आला, आणि तो कॅमेऱ्यामुळेच निघाला नाही याची खात्री करून घेतली, तर कॅमेरा खुशाल बदला. खात्री झाली नसेल तर थांबा. ही खात्री कशी करायची ते पायरीपायरीनं सांगतो. डीएसएलआर म्हणजे आत आरसा असलेला, लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा. कॉम्पॅक्ट म्हणजे खिशात मावणारा, बटण दाबलं की लेन्स बाहेर येणारा आणि बहुतेक निर्णय स्वतःच घेणारा कॅमेरा. कॅनन इक्सस, निकॉन कूलपिक्सची छोटी मॉडेलं, सोनी सायबरशॉट हे त्यातले घरोघरी दिसणारे. माझ्याकडे कॅनन इक्सस १८५ होता, अजूनही आहे, म्हणून आकडे त्याचे देतो.

पायरी १: हुकलेल्या फोटोंची यादी करा

गेल्या वर्षभरातले सगळे फोटो संगणकावर उघडा आणि शेजारी वही ठेवा. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर हे काम करू नका, तिथे हललेला फोटोही बरा दिसतो. "फोटो खराब" असं मोघम लिहायचं नाही. "स्नेहसंमेलनात भाचीच्या नाचाचा फोटो हलला." "भिगवणला फ्लेमिंगो टिंबाएवढे आले." "गौरीच्या आरासीचा फोटो पिवळा पडला." "ग्रुप फोटोत काकांचा चेहरा अंधारात." असं लिहा.

पंधरा-वीस नोंदी झाल्या की त्यांचे चार गट आपोआप पडतात. काही फोटो हललेले असतात, काही कमी उजेडातले आणि दाणे पडलेले, काही लांबच्या वस्तूंचे. चौथ्या गटात डोकं कापलेलं, मागे विजेचा खांब आलेला, भर दुपारच्या उन्हात डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडलेल्या. या चौथ्या गटावर कुठलाच कॅमेरा इलाज करत नाही. माझ्या यादीत पहिल्या वर्षी निम्म्याहून जास्त नोंदी याच गटातल्या होत्या. त्या वर्षी मी कॅमेरा बदलला नाही आणि ते बरोबरच झालं.

पायरी २: फोटोच्या पोटातली माहिती वाचा

प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये तो कसा काढला गेला याची नोंद असते. विंडोजवर फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज आणि त्यात डिटेल्स उघडा. मोबाइलवर गूगल फोटोजमध्ये फोटो उघडून वर सरकवलंत की तीच माहिती दिसते. शटर स्पीड, अ‍ॅपर्चर, आयएसओ आणि फोकल लेंथ हे चार आकडे आपल्याला हवे आहेत. अजून हे शब्द परके वाटत असतील तर एवढंच धरा: शटर म्हणजे किती वेळ उजेड आत घेतला, अ‍ॅपर्चर म्हणजे किती मोठ्या भोकातून घेतला, आयएसओ म्हणजे आत आलेला उजेड कॅमेऱ्यानं किती वाढवून दाखवला, फोकल लेंथ म्हणजे किती झूम होतं. अ‍ॅपर्चरचा आकडा जितका लहान तितकं भोक मोठं, हे मात्र पाठच करा.

आता भाचीचा तो फोटो. शाळेचं स्नेहसंमेलन, मी आठव्या-नवव्या रांगेत, झूम पूर्ण लावलेला. चेहरा बऱ्यापैकी दिसतोय, पण हात म्हणजे नुसता गुलाबी धुराचा पट्टा. फाइलमधली नोंद: शटर १/१५ सेकंद, अ‍ॅपर्चर एफ ६.९, आयएसओ १६००, फोकल लेंथ ४० मिमी.

हे आकडे एकेक करून वाचले की गुन्हेगार सापडतो. सेकंदाच्या पंधराव्या भागात नाचणाऱ्या मुलीचा हात वीतभर सरकतो. तो गोठवायचा तर निदान १/२५० सेकंद हवा, म्हणजे सोळापट उजेड हवा. आयएसओ वाढवावा? या कॅमेऱ्याची कमाल मर्यादाच १६०० आहे, आपण तिथे पोचलेलो आहोत. भोक मोठं करावं? पूर्ण झूमवर या लेन्सचं सगळ्यात मोठं भोकच एफ ६.९. तिन्ही दारं बंद. या फोटोपुरता कॅमेरा खरोखरच कमी पडला होता.

त्याच आकड्यांत एक फुकटचा उपायही दडलेला आहे. हीच लेन्स झूम न करता वापरली तर तिचं भोक एफ ३.२ पर्यंत उघडतं. एफ ६.९ च्या तुलनेत साडेचारपटीहून जास्त उजेड. पहिल्या रांगेत जाऊन, झूम न लावता काढला असता तर शटर १/७० च्या आसपास आला असता. गिरकीतला हात तेव्हाही हलला असता, पण नाचताना मुलं क्षणभर ठरतात ती मुद्रा स्वच्छ आली असती. म्हणून कमी उजेडात झूम टाळा आणि पायांनी जवळ जा. कॉम्पॅक्ट वापरणाऱ्याला मी आधी हेच सांगतो.

यादीतल्या प्रत्येक फोटोचं असं वाचन करा. शटर १/२५० आणि आयएसओ १०० असूनही फोटो धूसर असेल तर फोकस चुकलाय किंवा काच मळकी आहे. तिथे नवा कॅमेरा काही करणार नाही.

पायरी ३: आहे तो कॅमेरा महिनाभर पिळून वापरा

ही पायरी लोक हमखास ओलांडून जातात. नव्या वस्तूची ओढ समजू शकतो मी, पण हा एक महिना दिलात तर पुढचा निर्णय पक्का होईल.

लेन्सची काच पुसा. चष्म्याचं मऊ फडकं चालेल, शर्टाचं टोक नको. कॉम्पॅक्टच्या लेन्सला बोट लागतंच आणि त्या तेलकट ठशामुळे दिव्यांभोवती धुकं येतं. कितीतरी जणांचा "कॅमेरा म्हातारा झाला" हा निष्कर्ष फडक्याच्या एका फटक्यात पुसला गेलेला मी पाहिला आहे.

बटण दोन टप्प्यांत दाबा. अर्धं दाबून थांबलं की कॅमेरा फोकस आणि उजेड ठरवतो, हिरवा चौकोन दिसतो, मग उरलेलं दाबायचं. एका झटक्यात दाबलं तर फोकस लागायच्या आत फोटो निघतो, वर कॅमेराही हलतो. "माझा कॅमेरा स्लो आहे" ही तक्रार बऱ्याचदा इथूनच येते. अर्धं बटण दाबून तयार राहिलात तर छोटा कॅमेराही चपळ वाटतो.

फ्लॅश बंद ठेवायला शिका. कॉम्पॅक्टचा फ्लॅश जेमतेम तीन मीटर पोचतो. सभागृहात तो रंगमंचावर जात नाही, पुढच्या रांगेतल्या लोकांची डोकी तेवढी उजळतो. उलट भर उन्हात, झाडाखाली उभ्या माणसाच्या चेहऱ्यावर सावली असेल तेव्हा तो मुद्दाम चालू करा. काकांचा काळवंडलेला चेहरा तिथेच सुधारतो.

डिजिटल झूम मेनूत जाऊन कायमचा बंद करा. तो फोटो कापून मोठा करतो, बाकी काही नाही. ते काम घरी संगणकावर जास्त नीट होतं.

एक्सपोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे अधिक-उण्याची खूण असलेली सोय, शोधून काढा. कॅमेरा प्रत्येक दृश्य मध्यम करड्या उजेडाचं समजतो. समईच्या उजेडातलं देवघर त्याला फार काळं वाटतं, म्हणून तो ते उगाच उजळतो आणि ज्योतीचा पांढरा ठिपका होतो. तिथे उणे एक करा. पांढरे सदरे घातलेली दिंडी त्याला फार उजळ वाटते आणि तो चेहरे काळवंडतो. तिथे अधिक दोन-तृतीयांश. पिवळ्या पडणाऱ्या आरासीसाठी व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, ऑटोवरून काढून बल्बच्या खुणेवर ठेवा.

स्थिर वस्तूंसाठी दोन सेकंदांचा टायमर लावून कॅमेरा कठड्यावर, खांबावर, पुस्तकांच्या चळतीवर टेकवा. आयएसओ १०० वर आणा. शनिवारवाड्याची रोषणाई किंवा कोल्हापूरला रंकाळ्यावरचे दिवे असे काढून बघा. त्याच कॅमेऱ्यातून हे आलं, यावर विश्वास बसणार नाही.

आणि मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून काढलेले फोटो. इथे कॉम्पॅक्ट मोठ्या भावांना मागे टाकतो. झूम न करता इक्सस एक सेंटिमीटर अंतरावरून फोकस करतो. डीएसएलआरबरोबर मिळणारी १८-५५ लेन्स साधारण पंचवीस सेंटिमीटरच्या आत फोकसच करत नाही. सप्टेंबरात कासच्या पठारावर सीतेची आसवं फुलतात, करंगळीच्या नखाएवढी जांभळी फुलं. वाटेवरच थांबून, वाटेकडेच्या फुलाशी छोटा कॅमेरा अलगद नेला की ते फूलही येतं आणि मागचं पठारही ओळखू येतं. लहान सेन्सरमुळे पुढचं-मागचं दोन्ही बऱ्यापैकी स्वच्छ राहतं. मोठ्या कॅमेऱ्यावर असाच फोटो काढायचा तर वेगळी मॅक्रो लेन्स विकत घ्यावी लागते. फुलापानांची, किड्यामुंग्यांची आवड असलेल्यानं कॉम्पॅक्ट काढून टाकायची घाई अजिबात करू नये.

महिन्यानंतर यादी पुन्हा तपासा. जे फोटो आता निघू लागले ते खोडा.

पायरी ४: मोबाइलशी समोरासमोर लावून बघा

गेल्या चार-पाच वर्षांतला बरा मोबाइल असेल तर एकच दृश्य दोन्हींतून काढा: दुपारचं अंगण, संध्याकाळची खिडकी, रात्रीचा रस्ता. मोबाइल एका बटणात अनेक फोटो काढून जोडतो, त्यामुळे रात्रीच्या दृश्यात तो स्वस्त कॉम्पॅक्टला बहुधा हरवेल. कॉम्पॅक्ट जिंकेल तो ऑप्टिकल, म्हणजे लेन्सच्या काचा सरकवून होणाऱ्या, झूममध्ये. हलत्या माणसांच्या बाबतीत मोबाइलही चाचपडतो. मोबाइलनं ज्या नोंदी सोडवल्या त्याही खोडा. आता उरलेली यादी खरी.

पायरी ५: सेन्सर म्हणजे काय ते एकदाच नीट समजून घ्या

जाहिराती मेगापिक्सेलवर बोलतात. तुमच्या कॉम्पॅक्टवर २० मेगापिक्सेल लिहिलेलं असेल आणि कॅनन १५००डी या डीएसएलआरवर २४. एवढ्या फरकाला काही अर्थ नाही. १२ बाय १८ इंची उत्तम प्रिंटलाही २० मेगापिक्सेल पुरतात. फरक आहे तो उजेड झेलणाऱ्या पत्र्याच्या, म्हणजे सेन्सरच्या आकारात.

साध्या कॉम्पॅक्टचा सेन्सर साधारण ६.२ बाय ४.६ मिमी असतो, तुरीच्या डाळीच्या दाण्याएवढा. कॅननच्या एपीएस-सी (हे सेन्सरच्या एका मापाचं नाव) डीएसएलआरचा २२.३ बाय १४.९ मिमी, म्हणजे क्षेत्रफळ जवळजवळ बारापट. फुल फ्रेम, म्हणजे जुन्या ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर, ३६ बाय २४ मिमी, तीसपटीच्या वर. पागोळ्यांखाली वाटी ठेवली आणि परात ठेवली तर तेवढ्याच वेळात कुणात किती पाणी साठेल, तसं हे. जास्त उजेड गोळा झाला की दाणे कमी पडतात, आणि पडले तरी आयएसओ ३२०० वरचा फोटो प्रिंट करण्याजोगा राहतो.

मधला एक आकार "एक इंची" म्हणून विकला जातो. नावावर जाऊ नका. त्याची मोठी बाजू १३.२ मिमी आणि छोटी ८.८ मिमी, म्हणजे कर्णसुद्धा इंचभर नाही. हे नाव जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांच्या नळ्यांच्या मापावरून चालत आलं. तरीही साध्या कॉम्पॅक्टच्या चौपट क्षेत्रफळ आहे आणि कॅमेरा खिशात मावतो, हे महत्त्वाचं. २०१२ मध्ये आलेल्या सोनी आरएक्स १०० नं हा आकार लोकप्रिय केला. कॅनन जी७ एक्स मालिका त्याच जातीची.

पायरी ६: उरलेल्या यादीप्रमाणे वाट निवडा

यादीत नाच, नाटक, घरातली मुलं, संध्याकाळचे समारंभ, म्हणजे कमी उजेडात हलणारी माणसं उरली असतील, तर मोठा सेन्सर आणि मोठ्या भोकाची लेन्स या दोन्ही गोष्टी हव्यात. नुसती बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, बदलून भागत नाही. बरोबर मिळणाऱ्या १८-५५ किट लेन्सचं भोक झूमवर एफ ५.६ असतं, कॉम्पॅक्टहून फार मोठं नाही. खरी मदत होते ती एफ १.८ च्या ५० मिमी किंवा ३५ मिमी लेन्सची. कॅननची ५० मिमी एफ १.८ ही त्यांच्या सगळ्यात स्वस्त लेन्सपैकी एक आहे. झूम नाही, दिसायला साधी, पण एफ ६.९ च्या जवळजवळ पंधरापट उजेड आत घेते.

लांबचे पक्षी, प्राणी उरले असतील तर जरा सावकाश वाचा, कारण इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. इक्ससचा ८ एक्स, म्हणजे आठपट, झूम ३५ मिमीच्या हिशेबात, म्हणजे वेगवेगळ्या सेन्सरांचा झूम एकाच मापात मांडला तर, २८ ते २२४ मिमी आहे. तुम्ही कॅनन डीएसएलआर १८-५५ लेन्ससकट घेतला तर तीच गणना साधारण २९ ते ८८ मिमी होते. म्हणजे हजारो रुपये घालून फ्लेमिंगो आणखी लांब गेला! मिळालेल्या कॅमेऱ्यात झूम कमी आहे हे घरी आल्यावर कळतं आणि माणूस हिरमुसतो. लांबचं हवं तर ५५-२५० किंवा ७०-३०० मिमीची दुसरी लेन्स खर्चात आधीच धरा. तिनं याच हिशेबात ४०० ते ४८० मिमीपर्यंत मजल जाते. भिगवणला उजनीच्या पाण्यात नावाडी होडी बेताच्या अंतरावर थांबवतो, तिथून थव्याचा फोटो यातून छान येतो. एकट्या पक्ष्याच्या डोळ्यातली चमक हवी असेल तर १५०-६०० मिमीच्या लेन्सकडे जावं लागतं. ती एकटीच दोन किलोच्या घरात भरते.

दुसरी वाट ब्रिज कॅमेऱ्यांची, म्हणजे न निघणारी पण प्रचंड झूमची लेन्स असलेल्या कॅमेऱ्यांची. कॅनन एसएक्स ७० ६५ एक्स झूम देतो, निकॉन पी १००० तर १२५ एक्स, म्हणजे ३००० मिमी. सकाळच्या स्वच्छ उन्हात पक्षी ओळखायला, नोंदी ठेवायला हे कॅमेरे उत्तम, पक्षीनिरीक्षकांच्या गळ्यात ते उगाच दिसत नाहीत. पण या दोन्हींचा सेन्सर तुमच्या कॉम्पॅक्टएवढाच आहे, तोच डाळीचा दाणा. ताडोब्यात पहाटे सफारी सुरू होते तेव्हा जंगलात उजेड नसतो, आणि तिथे तुम्हाला जुनंच दुखणं पुन्हा भेटेल. यादीत "लांबचं" आहे की "लांबचं आणि अंधारातलं", हे नीट बघून ठरवा.

ट्रेक, प्रवास, वारी असं चालतं-फिरतं छायाचित्रण असेल तर वजनाचा विचार सगळ्यात आधी. इक्सस सव्वाशे ग्रॅमचा. १५००डी किट लेन्ससकट पावणेसातशे ग्रॅमच्या आसपास, वर बॅग. हरिश्चंद्रगडाच्या चढावर दोन्ही हात मोकळे हवे असताना गळ्यात लोंबणारा कॅमेरा किती वेळा बाहेर निघेल, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. अशांना मी एक इंची सेन्सरचा कॉम्पॅक्ट किंवा छोटा मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला पण लेन्स बदलता येणारा कॅमेरा, सुचवतो.

मे अखेरीस भंडारदऱ्याकडे किंवा पुरुषवाडीला काजवे बघायला जाणाऱ्यांसाठी थोडक्यात: त्यासाठी मॅन्युअल फोकस, वीस-तीस सेकंदांचं शटर आणि ट्रायपॉड हवा. साध्या कॉम्पॅक्टमध्ये हाताने फोकस लावायची सोय सहसा नसते. कुठलाही डीएसएलआर किंवा मिररलेस हे काम करतो. फ्लॅश आणि टॉर्च मात्र तिथे मारू नका, काजव्यांना त्याचा खरोखर त्रास होतो.

पायरी ७: पूर्ण खर्च कागदावर मांडा

बॉडी आणि किट लेन्स ही सुरुवात. यादीप्रमाणे लागणारी दुसरी लेन्स, वेगवान मेमरी कार्ड, जादा बॅटरी, बॅग आणि पावसाळ्यात लेन्स सांभाळायचा डबा हे सगळं मिळून आकडा काढा. एकूण रकमेतला तिसरा हिस्सा तरी लेन्ससाठी राहिला पाहिजे, असं माझं मत आहे. तेवढे पैसे उरत नसतील तर बॉडी एक पायरी खालची घ्या. जुन्या बॉडीवर चांगली लेन्स चालते. महागड्या बॉडीवर किट लेन्स लावून वर्षानुवर्षं बसण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

वेळेचाही हिशेब धरा. रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या कच्च्या रूपात, फोटो काढलेत तर त्या उघडून नीट कराव्या लागतात. रविवारची सकाळ त्यात जाईल. हे काम आवडेल का, हे मोबाइलमधले फोटो थोडे उजळ-काळोखे करून आजच बघता येतं.

पायरी ८: दोन दिवस भाड्यानं घ्या

पुण्या-मुंबईत कॅमेरे आणि लेन्स दिवसाच्या भाड्यानं सहज मिळतात, आणि आता इतर शहरांतही. ओळखपत्र आणि अनामत लागते. कॅमेरा घेताना दुकानातच सगळीकडून त्याचा व्हिडिओ काढून ठेवा, म्हणजे परत देताना ओरखड्यावरून वाद होत नाही. माझ्या बाबतीत एकदा असा वाद झाला होता, तेव्हापासून मी व्हिडिओशिवाय हलत नाही.

भाड्याचा कॅमेरा घेऊन नवं काही काढत बसू नका. यादीतला हुकलेला फोटो पुन्हा काढा. मी पुढच्या वर्षीच्या स्नेहसंमेलनाला एपीएस-सी बॉडी आणि ५० मिमी एफ १.८ घेऊन गेलो, अर्धा तास आधी पोचून दुसऱ्या रांगेत बसलो. एफ २, आयएसओ ३२००, शटर १/३२०. घरी येऊन दोन्ही वर्षांचे फोटो शेजारी शेजारी उघडले. यंदाच्या फोटोत गिरकीत उडालेली ओढणी हवेत थांबलेली, बोटांवरची आलत्याची रेघ दिसत होती. पहिले चाळीस फोटो मात्र चुकलेले, फोकस चेहऱ्याऐवजी मागच्या पडद्यावर. मोठ्या भोकाची लेन्स एवढासा पट्टाच स्वच्छ ठेवते, तिथे फोकसचा बिंदू स्वतः निवडावा लागतो. हे भाड्यात कळलं ते बरं झालं.

दोन दिवसांत आणखी एक गोष्ट बघा: कॅमेरा बॅगेतून किती वेळा बाहेर आला? शनिवारी दुपारीच मोबाइल हातात आला असेल तर तेही उत्तरच आहे.

पायरी ९: घ्यायचं ठरलं तर

डीएसएलआर की मिररलेस? कॅनन आणि निकॉन दोघांचाही नवा डीएसएलआर २०२० नंतर आलेला नाही, पुढची सगळी वाट मिररलेसची आहे. नवा कोरा घेणाऱ्यानं मिररलेसच घ्यावा. डोळा ओळखून फोकस लावणारी त्यांची यंत्रणा लहान मुलांच्या मागे धावणाऱ्या आईबापांना फार उपयोगी पडते. हात आखडता असेल तर मात्र जुना डीएसएलआर हा आजचा सगळ्यात किफायतशीर सौदा आहे, कारण मिररलेसकडे वळलेले लोक चांगल्या लेन्ससुद्धा विकायला काढत आहेत. निकॉनची डी३५०० किंवा डी५६०० घेत असाल तर एक ध्यानात ठेवा: या बॉडींत फोकसची मोटर नाही. जुन्या एएफ-डी लेन्स त्यांच्यावर बसतात, पण फोकस हाताने फिरवावा लागतो. एएफ-एस किंवा एएफ-पी लिहिलेल्या लेन्स घ्या.

जुना माल बघायला मुंबईत फोर्टमधला बोरा बाजार अजूनही चांगला. चार दुकानं फिरून, हातात धरून बघता येतं. शटर किती वेळा उडालं ते विचारा. निकॉनमध्ये हा आकडा फोटोच्या फाइलमध्येच मिळतो, आणि डी३५०० सारख्या बॉडीचं शटर १ लाखापर्यंत तपासलेलं असतं. आकाशाचा एक फोटो एफ १६ वर काढा, सेन्सरवरची धूळ काळ्या ठिपक्यांसारखी दिसेल. धूळ साफ होते, त्यावरून भाव पाडा.

बुरशीवरून मात्र सौदाच सोडा. लेन्स हातात घ्या, दोन्ही झाकणं काढा, मागून मोबाइलचा टॉर्च लावा आणि समोरून तिरकं बघा. काचेच्या कडेपासून आत पसरलेले, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे दिसले तर ती बुरशी. सुटे धुळीचे कण दिसले तर काही बिघडत नाही. कोकणातून, मुंबईतून आलेल्या लेन्समध्ये हे हटकून बघायचं, कारण चार महिने दमट हवेत बंद कपाटात पडलेली लेन्स बुरशी धरतेच.

नवीन घेताना पक्कं जीएसटी बिल आणि भारतातली वॉरंटी घ्या. बिलाशिवाय दोन-चार हजारांनी स्वस्त मिळणारा माल बाहेरून आलेला असतो आणि बिघडला की कंपनीचं सर्व्हिस सेंटर वॉरंटीत हात लावत नाही. "ऑफर"मध्ये गळ्यात मारलेले फिल्टर, तीन पायांचं प्लॅस्टिकचं स्टँड आणि लेन्सवर चढवायची वाइड काच यांना नको म्हणा आणि तेवढी किंमत कमी करून मागा.

घरी आणल्यावर चामड्याच्या किंवा कापडी बॅगेत बंद करून ठेवू नका. रबराची कड असलेला हवाबंद प्लॅस्टिकचा डबा, त्यात निळ्या सिलिका जेलच्या पुड्या, आणि मिळाला तर छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मधे राहू द्या. दाणे गुलाबी झाले की मंद आचेवर तव्यात परतले की पुन्हा निळे होतात. त्या तव्यात नंतर पोळ्या मात्र भाजू नका, तो वेगळा ठेवा.

जुना कॉम्पॅक्ट विकायची घाई नको. गेल्या दोन-तीन वर्षांत कॉलेजच्या मुलांमध्ये जुन्या कॉम्पॅक्टची हौस परतली आहे, भाव लगेच पडणार नाही. माझा इक्सस ट्रेकच्या पिशवीच्या वरच्या कप्प्यात असतो. बॅटरी भरलेली, काच पुसलेली, डिजिटल झूम बंद.